तो, ती आणि ‘त्यांना’

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला : हाक. माणसं एकमेकांना कशी हाक मारतात, कोणाला अहो म्हणतात, कोणाला अरे, कोणाचं नाव घ्यायचं टाळतात, यावर फिरून, पाहून लिहा, असं त्यांचं म्हणणं. ते पत्र वाचताना मला एका ईमेलखालची सही आठवली. नाव मराठी, आडनाव वऱ्हाडी, हुद्दा पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीतला. नावापुढे कंसात दोन इंग्रजी शब्द आणि मध्ये तिरकी रेघ : ‘शी/दे’.

‘माझ्याविषयी बोलताना ही सर्वनामं वापरा’ अशी ती विनंती असते, एवढं मला ठाऊक होतं. एकाच माणसाला दोन सर्वनामं कशाला आणि ती वापरायची कशी, हे मात्र ठाऊक नव्हतं. मी तसं विचारलं. उत्तर आलं, ‘दसऱ्याला नांदुऱ्याला घरी आहे. तिथेच या. तिथे जास्त नीट सांगता येईल.’

क्लासमधला पाढा

नांदुरा हे बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर मलकापूर मागे पडलं की नांदुरा, मग जलंब, मग शेगाव. हायवेनं येणाऱ्याला गाव लांबूनच कळतं, कारण रस्त्यालगत १०५ फूट उंचीचा मारुती उभा आहे. माझं तिथे पोहोचणं झालं तेव्हा सोयाबीन निघत होतं आणि कापसाची बोंडं फुटायला लागली होती.

भेट दुसऱ्या दिवशी ठरली होती. संध्याकाळ मोकळी होती, म्हणून मी इंग्रजीच्या एका खासगी क्लासचा पत्ता काढला. दुकानावरच्या माडीत पंचवीसेक मुलं-मुली सतरंजीवर बसलेली. सर फळ्याशी. पाढा चालू होता : ‘आय म्हणजे मी. वुई म्हणजे आम्ही. यू म्हणजे तू, तुम्ही. ही म्हणजे तो. शी म्हणजे ती. इट म्हणजे ते. दे म्हणजे ते, त्या, ती.’

मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाच्या कानात हा पाढा आहे. त्यातली एक गंमत मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली. इंग्रजीतला पुरुष, ‘ही’, देवनागरीत लिहिला की मराठीतली बाई होतो : ही मुलगी, ही वही. एका भाषेचं सर्वनाम दुसऱ्या भाषेत पाऊल टाकतं तेव्हा त्याचं लिंग सोबत येतंच असं नाही.

सरांच्या परवानगीनं मी फळ्यावर ‘शी/दे’ लिहिलं आणि मुलांना सांगितलं, की पुण्यात एक जण सहीखाली असं लिहितात. पहिला हात लगेच वर आला. “दे म्हणजे पुष्कळ जण. एकटा माणूस दे कसा?”

सरांनी खडू ठेवला. “मी वर्गात आलो की तुम्ही काय म्हणता? सर आला?”

“सर आले!”

“मग किती सर आले?”

मुलं हसली. एकच. आदरापोटी एकाचे अनेक करायचे, हे मराठी मुलाला इंग्रजी शिकण्याआधीपासून येतं. वडील जेवले, आजोबा निजले, गुरुजी रागावले. सरांना वाटलं, प्रश्न सुटला. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “पण सर, मॅडम आल्या की आपण ‘आल्या’ म्हनतो. ‘आले’ नाही म्हनत. आदर केला तरी बाई कोन आन् मानूस कोन ते दिसतेच.”

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरोबर आहे तुझं.” नांदुऱ्याच्या माडीवर नववीतल्या मुलीनं बोट ठेवलं ते नेमक्या जागी. इंग्रजी ‘दे’मध्ये बाई-पुरुष दिसत नाही. मराठी आदरार्थी बहुवचनात तो दिसतो. या लेखाची निम्मी अडचण तिच्या त्या एका वाक्यात आहे.

तिरक्या रेघेच्या दोन बाजू

आधी इंग्रजीची बाजू समजून घेऊ, कारण नोकरीच्या, शिक्षणाच्या निमित्तानं ही सही आता गावोगावच्या मुलांसमोर येणार आहे.

सहीखाली ‘शी/हर’ असं लिहिलेलं असेल, तर ते एकच सर्वनाम आहे. ‘ती/तिला’ म्हटल्यासारखं. पहिलं रूप कर्त्याचं, दुसरं कर्माचं. ‘ही/हिम’ तसंच, ‘दे/देम’ तसंच. ‘शी/दे’ किंवा ‘ही/दे’ लिहिलं असेल, तर गोष्ट वेगळी. रेघेच्या दोन बाजूंना दोन वेगळी सर्वनामं आहेत, आणि दोन्ही त्या माणसाची आहेत.

असं लिहिणाऱ्यांचं म्हणणं सगळ्यांचं सारखं नसतं. काहींना दोन्हीपैकी कुठलंही चालतं. काहींना दोन्ही हवी असतात, बोलण्यात आलटून पालटून यावीत असं वाटतं. काही जण जागा पाहतात : ऑफिसात एक, जिवाभावाच्या माणसांत दुसरं. आधी लिहिलेलं सर्वनाम अधिक जवळचं असतं असं बरेचदा आढळतं, पण तो नियम नव्हे. म्हणून पहिली पायरी विचारण्याची : “दोन्ही वापरू की एखादं जास्त आवडेल?”

दोन्ही वापरायची असतील तर एकाच वाक्यात कोंबू नयेत, ऐकणाऱ्याला दोन माणसं वाटतात. एक वाक्य, एक सर्वनाम. ‘शी कॉल्ड मी यस्टरडे.’ पुढच्या वाक्यात ‘दे आर कमिंग टुमॉरो.’ आणि ‘दे’ एकट्यासाठी आलं तरी क्रियापद ‘आर’च. ‘दे इज’ नाही. आपण एकट्या माणसाला ‘यू आर’ म्हणतो, ‘यू इज’ म्हणत नाही, तसंच हे.

‘यू’ची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ‘यू’ मुळात अनेकवचनी. एकट्याला ‘दाऊ’ म्हणत, म्हणजे आपलं ‘तू’. मोठ्यांना आदरानं ‘यू’ म्हणता म्हणता इंग्रजांनी सगळ्यांनाच ‘यू’ केलं आणि ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून गेलं. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी याला विरोध केला. देवापुढे सगळे सारखे, मग एकट्याला अनेकवचन कशाला, असा त्यांचा सवाल. जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी १६६० मध्ये एकवचन-अनेकवचनाच्या या भेदावर पुस्तकच काढलं. भाषा पुढे गेलीच. अनेकवचन एकट्यापाशी येऊन राहिलं, आणि आज त्याचं कोणाला काही वाटत नाही.

एकट्यासाठी ‘दे’ वापरणंही नवं नाही. ज्याचं लिंग माहीत नाही अशा कोणासाठी इंग्रजी ते चौदाव्या शतकापासून वापरत आलं आहे. शेक्सपिअरनं वापरलं, जेन ऑस्टिननं वापरलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ते चूक ठरवलं आणि ‘ही’ म्हणजेच सगळे, असं शिकवलं. आताचा बदल एवढाच, की ओळखीच्या, नावगावाच्या माणसासाठीही, त्यांच्या इच्छेनं, ‘दे’ म्हणतात. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशानं २०१९ मध्ये हा अर्थ नोंदवला आणि त्याच वर्षी ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं. स्वीडिश भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांच्यासोबत ‘हेन’ हे तिसरं सर्वनाम २०१५ मध्ये तिथल्या अकादमीच्या शब्दसूचीत आलं.

‘माहं लेकरू’

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गाठ पडली. अंगणात तुळस, ओसरीवर आजी, आत आईची दसऱ्याची धांदल. सहीवाली व्यक्ती पंचवीस-सव्वीसची, केस बारीक कापलेले, अंगात कुर्ता.

मी पहिल्यांदा तेच विचारलं, “लेखात तुमच्याविषयी मराठीत कसं लिहू?”

“दोन्ही चालेल. थोडं ‘ती’, थोडं ‘ते’. शाळेत माझा हजेरीत नंबर मुलींमध्ये होता, त्याचा मला राग नाही. पण ते पूर्ण माझं नाही. कायम ‘ती’च ऐकलं की कोणीतरी माझ्यातला अर्धाच माणूस घरात घेतला असं वाटतं.”

ती बोलताना शब्द निवडून बोलत होती. पुण्यात पहिल्या नोकरीत एका सहकाऱ्याच्या सहीखाली अशी दोन सर्वनामं दिसली तेव्हा आपल्यासाठीही जागा आहे हे कळलं, असं त्यांनी सांगितलं. लोक काय करतात, हे मी विचारलं. “बहुतेक जण ‘शी’च म्हणतात. सोपं पडतं. दोन लिहिली की लोक सवयीचं एक उचलतात आणि दुसरं विसरतात. भांडायचं नसतं मला. पण दहा वेळा ‘शी’ झाल्यावर कोणी एकदा ‘दे’ म्हटलं, की तो दिवस चांगला जातो.”

आजी ऐकत होत्या. त्यांना मी विचारलं, तुम्हाला या कंसातल्या शब्दांचं काय वाटतं?

“मले नाही समजत बाप्पा ते इंग्रजी. माहं लेकरू हाये. पुन्याहून आलं की जेवाले द्यायचं. दुसरं काय?”

लेकरू आलं. लेकरू जेवलं. लेकरू निजलं. आजींच्या तोंडी सव्वीस वर्षं नपुंसकलिंग आहे आणि त्यात लिंग नाकारल्याचा मागमूस नाही, नुसती माया आहे. पुढे बोलता बोलता त्या शेजारणीबद्दल सांगू लागल्या, “ते बाई आली होती काल, सोनं वाटायचं विचारत होती.” मी कान टवकारले. वऱ्हाडीत ‘ती बाई’ची ‘ते बाई’ होते, ‘ती पोरगी’ची ‘ते पोरगी’. क्रियापद स्त्रीलिंगीच राहतं, सर्वनाम मात्र ‘ते’. म्हणजे क्लासमधला पाढा आजींना लावला, तर ‘शी’ म्हणजेही ‘ते’ आणि ‘दे’ म्हणजेही ‘ते’. पुण्याच्या सहीतली रेघ नांदुऱ्याच्या ओसरीवर पुसली जाते.

हे मी बोलून दाखवलं, तेव्हा सहीवाले जोरात हसले. “म्हणून तर इथे या म्हटलं. आजीपुढे मला कधी काही समजावून सांगावं लागलं नाही.”

आईचं तसं नव्हतं. चहा ठेवून त्या दाराशी थांबल्या. “घरात काय म्हणायचं ते म्हणू. लग्नाकार्यात लोक विचारतात, तेव्हा मला उत्तर सुचत नाही.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. लेकीनं, म्हणजे लेकरानं, त्यांच्याकडे पाहिलं आणि कप हातात घेतला. हे घर या प्रश्नाच्या मधोमध आहे, पण एकमेकांपासून दूर झालेलं नाही.

मूर्ती उभी, मारुती उभा

दुपारी आम्ही हायवेवर मारुतीपाशी पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय मुख दिसत नाही. फुलं विकणाऱ्या बाई कोणाला तरी सांगत होत्या, “एवढी मोठी मूर्ती उभी हाये, लांबून दिसते.” आणि लगेच पुढे, “मारुती पाठीशी उभा हाये, काय भ्यायचं?”

मूर्ती उभी. मारुती उभा. एकच शिल्प, एकच बाई, दोन वाक्यांत दोन लिंगं. कोणी थांबलं नाही, कोणी अडखळलं नाही. मराठीत शब्दाचं लिंग वेगळं आणि ज्याच्याबद्दल बोलतो त्याचं वेगळं असू शकतं, आणि आपण दोन्ही एका दमात पेलतो. वर्तमानपत्रात ‘एक व्यक्ती जखमी झाली’ असं वाचतो, तेव्हा ती व्यक्ती पुरुषही असते.

शेगाव इथून जवळ. गजानन महाराजांची पालखी तिथून पंढरपूरला निघते. त्या वाटेवर चालणाऱ्या कोणालाही विचारा, पुढच्याला हाक काय मारता? माउली. पुरुष असो, बाई असो, म्हातारा असो, पोर असो : “माउली, जरा सरकता का?” आळंदीच्या ज्ञानेश्वर महाराजांना महाराष्ट्र माउली म्हणतो. ‘महाराज म्हणतात’ आणि ‘माउली म्हणते’ ही दोन्ही वाक्यं एकाच संतासाठी आहेत. कमरेवर हात ठेवून उभा असलेला विठ्ठल विठाई होतो, विठूमाउली होतो. सात शतकं हे चाललं आहे.

त्याही आधी वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, महानुभावांचे श्रीगोविंदप्रभू होऊन गेले. लोक त्यांना राऊळ म्हणत. त्यांचं चरित्र मराठीतल्या सर्वांत जुन्या गद्य ग्रंथांपैकी एक. त्यात दिसतं, की गावाला हे राऊळ आईही वाटत आणि बापही. त्याच रिद्धपूरला आज मराठी भाषा विद्यापीठ आहे.

रंगभूमीवर या. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व. १९११ मध्ये ‘मानापमान’ रंगमंचावर आलं. प्रेक्षक म्हणत, बालगंधर्व आले. पडदा वर गेला की म्हणत, भामिनी आली. एकाच क्षणी दोन्ही खरं होतं.

आणि कोल्हापूर-सांगलीकडे कानावर पडणारं बोलणं तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिकडच्या कित्येक बाया स्वतःबद्दल ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. रूप पुल्लिंगी, बोलणारी बाई, आणि तिच्या बाईपणाला त्यानं काही होत नाही.

ही उदाहरणं सारखी नाहीत, हे मला मान्य आहे. माउली हे भक्तीचं संबोधन आहे, बालगंधर्वांचं स्त्रीरूप ही कला होती, कोल्हापूरचं ‘मी आलो’ ही बोलीची रीत. यातल्या कोणी सहीत कंस टाकला नसता. पण ‘एका माणसाला दोन लिंगांची रूपं मराठी कानाला सोसत नाहीत’ असं जे म्हटलं जातं, ते या सगळ्यांपुढे टिकत नाही. कान तयार आहे.

‘मी’ कुठे अडतो

तरीही मराठीत खरी अडचण आहे, आणि ती इंग्रजीपेक्षा मोठी. इंग्रजीत स्वतःबद्दल बोलताना लिंग सांगावं लागत नाही. ‘आय केम’ कोणीही म्हणतं. मराठीत तोंड उघडलं की ठरवावं लागतं : मी आलो की मी आले? मी जातो की मी जाते? ज्यांना या दोन खोल्यांपैकी एकीत कायम राहायचं नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक वाक्य म्हणजे उंबरठा.

सहीवाल्यांनी या अडचणीवर गेली तीन-चार वर्षं काम केलं आहे. व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे, रोजच्या बोलण्यातून. तिनं वहीत लिहिलेल्या वाटा मला दाखवल्या. मला त्या फार मोलाच्या वाटल्या, म्हणून इथे देण्याची परवानगी घेतली.

भविष्यकाळ मोकळा आहे : मी येईन, मी सांगेन. बहुतेक सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ मोकळा आहे, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं : मी भात खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी काम केलं. ‘मला’नं सुरू होणारी वाक्यं मोकळी आहेत : मला वाटतं, मला जायचंय, मला आवडलं. ‘माझं’ही मोकळं : माझं जेवण झालं, माझं येणं जमणार नाही. आणि ‘आपण’ तर सगळ्यांना पोटात घेतं.

दुसऱ्याबद्दल बोलताना? इथे क्लासमधल्या त्या मुलीला उत्तर मिळतं. ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ यांत फरक दिसतो, खरं आहे. पण सर्वनामाला प्रत्यय लागला की तो नाहीसा होतो. त्यांना. त्यांनी. त्यांचं. त्यांच्याशी. या रूपांत बाई नाही, पुरुष नाही, नुसता आदर आहे. ‘ती पुण्याला राहते’ ऐवजी ‘त्यांचं राहणं पुण्याला असतं’. ‘तो म्हणाला’ ऐवजी ‘त्यांनी सांगितलं’. ‘ती उद्या येणार’ ऐवजी ‘त्यांना उद्या यायचं आहे’. यातलं एकही वाक्य ओढूनताणून आणलेलं नाही. आपल्या घरात मोठ्या माणसांविषयी आपण असंच बोलतो.

अनेकांबद्दल बोलताना मराठीत आणखी एक जुनी सोय आहे. दोन पुरुष असले तर दोघे, दोन बाया असल्या तर दोघी, आणि एक बाई एक पुरुष असले की दोघं. ‘नवरा-बायको दोघं आली.’ मिसळलेल्यांसाठी वेगळं रूप ठेवणारी ही भाषा. दाराची कडी वाजली आणि कोण आहे ते माहीत नसलं, तर आपण ‘कोण आला’ किंवा ‘कोण आली’ म्हणत नाही. ‘कोण आलं?’ म्हणतो. माहीत नसताना गृहीत धरायचं नाही, हे शहाणपण आपल्या व्याकरणात आधीपासून आहे.

गाडीतली हाक

परतताना अकोल्याच्या दिशेनं पॅसेंजरनं प्रवास केला. या मार्गावर किन्नर डब्यातून फिरतात. जलंबच्या पुढे एक जण समोरच्या बाकावर क्षणभर टेकल्या. हिरवी साडी, कपाळाला मोठं कुंकू. मी लेखाचा विषय सांगितला. कंसातल्या इंग्रजी शब्दांवर त्यांनी मान हलवली.

“आमच्यात गुरू असते, चेला असते. एका गुरूच्या चेल्या एकमेकींच्या गुरुभाई. माझी गुरुभाई आली, असं म्हणतो आम्ही. भाई पण आणि आली पण. आम्हाला कधी चुकल्यासारखं वाटलं नाही.” मग बाकावरून उठताना म्हणाल्या, “लोकांना सांगा, आधी ‘ए’ म्हणणं थांबवा. ताई म्हणा, मावशी म्हणा. तेवढं आलं तर बाकीचं येईल.”

लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाचं नाव ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ पुल्लिंगी शब्द आणि देवीचं नाव, शेजारी शेजारी. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केलं. ते तृतीयपंथी, आणि गाव त्यांना ओळखतं माउली म्हणून.

कायदाही हळूहळू या वाटेनं आला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘ही’ या इंग्रजी सर्वनामाचा अर्थ पुरुष किंवा स्त्री असा कोणीही, असं म्हटलं होतं. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातही पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धरलेल्या आहेत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी ‘नाल्सा’ खटल्यात तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘ही’च्या व्याख्येत पुरुष आणि स्त्री यांच्यासोबत तृतीयपंथी व्यक्तीही आली. एका दोन अक्षरी इंग्रजी शब्दाला दीडशेहून अधिक वर्षांनी एक माणूस जास्त मिळाला. २०११ च्या जनगणनेत देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली होती. रकान्याला ‘इतर’ म्हणणं आणि माणसाला माउली म्हणणं, यांतलं अंतर अजून कापायचं आहे.

तामिळनाडूनं त्यासाठी एक पाऊल टाकलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर तिथल्या सरकारनं २०२२ मध्ये या समाजाविषयी लिहिताना-बोलताना वापरायच्या सन्माननीय शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तमिळमध्ये आदरार्थी ‘अवर’ला लिंग नाही, त्यामुळे त्यांचं काम काहीसं सोपं. आपलं कठीण आहे, पण ‘त्यांना’ आपल्याकडे आहे.

चुकलं तर

निघण्याआधी मी सहीवाल्यांना विचारलं होतं, लोकांनी चुकू नये म्हणून काय करावं?

“चुकावं. चुकणारच. चुकलं की ‘माफ करा, दे’ एवढं म्हणावं आणि पुढचं बोलावं. पाच मिनिटं माफी मागत बसलं की मग मलाच समजूत घालावी लागते.” मग ती थोडं थांबून म्हणाली, “आणि माझ्यामागे बोलतानाही तसंच म्हणावं. तोंडावर ‘दे’ आणि मागे ‘शी’, असं नको.”

मला त्यातलं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं वाटतं. असं सर्वनाम मुळात माणूस समोर नसताना वापरायचं असतं. समोर असतो तेव्हा आपण तू किंवा तुम्ही म्हणतो. तो, ती, ते हे शब्द पाठीमागचे. म्हणून सर्वनामात कसोटी लागते ती तोंडदेखल्या आदराची नव्हे, खऱ्या आदराची.

‘हे शहरातलं खूळ आहे’ असं मला नांदुऱ्यातही दोघा-तिघांनी ऐकवलं. त्यांना माझं एवढंच सांगणं. सून घरी आली की तिला कोणत्या नावानं हाक मारायची हे घर ठरवतं. वारीत अनोळखी माणसाला माउली म्हणतात. शिक्षकापुढे एकाचे अनेक करतात. हाकेत माणूस सामावून घ्यायचा ही आपलीच रीत आहे. फक्त आजवर हाक ठरवत होतो आपण, आता ज्याची हाक त्याला विचारायची आहे. ते अवघड नाही. एक प्रश्न पुरतो.

आणि मराठीला हे पेलवेल का, या शंकेचं उत्तर तुमच्या हातातच आहे. लेखावरचं नाव झाकून हा लेख पुन्हा वाचून पाहा. इथे मी प्रवास केला, प्रश्न विचारले, चहा घेतला, गोष्टी ऐकल्या आणि मतं मांडली. एकट्या ‘मी’च्या कुठल्याही वाक्यात मी पुरुष आहे की बाई, हे मराठीनं माझ्याकडून वदवून घेतलेलं नाही.